पिंप्राळ्याची दुपार आणि जगाचे घड्याळ

मे महिन्याच्या २४-२५ तारखेचा सुमार म्हणजे खानदेशातील उन्हाळ्याचा ऐन भर. त्या दिवसांत जळगावाला लागून असलेल्या पिंप्राळ्यात एखादी सरळ काठी जमिनीत उभी रोवावी आणि भर दुपारी तिच्या सावलीकडे पाहत बसावे. सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी येते आणि क्षणभर नाहीशीच होते. सूर्य नेमका माथ्यावर आला, गावची दुपार झाली, याहून निराळा पुरावा नको. परंतु त्याच क्षणी मनगटावरील घड्याळ पाहिले, तर त्यात बारा वाजून पंचवीस मिनिटे झालेली असतात. काठी म्हणते बारा, घड्याळ म्हणते बारा-पंचवीस. श्रोत्यांपैकी कोणाला विचारले की यांतले खरे कोण, तर बहुतेकजण निःशंकपणे घड्याळाच्या बाजूने कौल देतील. आपल्या पणजोबांनी तो काठीच्या बाजूने दिला असता. या दोन कौलांच्या दरम्यान जो काळ गेला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम ही तफावत कशाने पडते ते पाहू. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरा करते. म्हणजे तिला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. आपल्या देशाची प्रमाणवेळ ही मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरील वेळ होय. पिंप्राळा त्या रेषेच्या सुमारे सात अंश पश्चिमेस आहे. म्हणून तेथील सूर्य घड्याळाच्या मानाने सरासरी अठ्ठावीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. सरासरी म्हणण्याचे कारण असे की, सूर्याची चाल वर्षभर सारखी दिसत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी पिंप्राळ्याची दुपार घड्याळाच्या बारा-बारालाच होते, तर फेब्रुवारीच्या मध्यास ती बारा-बेचाळीसपर्यंत लांबते. मे महिन्यात सूर्य सरासरीच्या तीन मिनिटे पुढे असतो, म्हणून बारा-पंचवीस. अठ्ठावीस मिनिटे म्हणजे जुन्या भाषेत एक घटिका आणि वर दहा पळे. एवढी एक घटिका पिंप्राळ्याने कोणाला दिली, का दिली, आणि देताना त्याला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

आगगाडी येण्यापूर्वी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. प्रत्येक गावाचा सूर्य त्या गावाचा धनी होता. दिवसाच्या वेळा सूर्याच्या कासऱ्यांवरून, रात्रीच्या नक्षत्रांवरून ओळखीत. मुंजीचा किंवा लग्नाचा मुहूर्त साधावयाचा असला म्हणजे पाण्याने भरलेल्या गंगाळात बुडास बारीक छिद्र पाडलेले घटिकापात्र सोडीत. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे आजची चोवीस मिनिटे, झाली. ही घटिका सूर्योदयापासून मोजावयाची, आणि तो सूर्योदय त्याच गावचा. पिंप्राळ्याची वेळ अमळनेरास लागू नव्हती, अमळनेरची धुळ्यास नव्हती. आणि त्यावाचून कोणाचे काही अडतही नव्हते. बैलगाडीच्या प्रवासात एका गावाच्या व दुसऱ्या गावाच्या वेळेत पडणारे मिनिटा-दोन मिनिटांचे अंतर कोणाच्या ध्यानात यावयाचे?

मात्र एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना सर्व पृथ्वीसाठी एका काळाची कल्पनाच नव्हती, असे कोणी समजेल तर ती मोठी चूक होईल. आपल्या सिद्धांतग्रंथांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी एक मध्यरेषा ठरविली होती. ग्रहांचे सारे गणित प्रथम या रेषेवरच्या वेळेचे करावयाचे आणि मग आपले गाव रेषेच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस किती आहे ते पाहून त्यात भर घालावयाची किंवा वजाबाकी करावयाची. या दुरुस्तीस देशांतरसंस्कार म्हणत. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगून ठेवले आहे की, लंकेत सूर्योदय होतो तेव्हा यवकोटीस मध्यान्ह, सिद्धपुरास सूर्यास्त आणि रोमकास मध्यरात्र असते. ही चार नगरे विषुववृत्तावर एकमेकांपासून नव्वद-नव्वद अंशांवर कल्पिलेली होती. एकाच क्षणाला पृथ्वीवर चार ठिकाणी चार निरनिराळ्या वेळा असतात, हे ज्याला समजले, त्याला जागतिक काळ समजला, असेच म्हटले पाहिजे.

देशांतर मोजण्याची त्यांची युक्तीही मोठी नामी होती. चंद्रग्रहण लागते ते सर्व पृथ्वीवर एकाच क्षणी लागते; कारण तेव्हा पृथ्वीची सावली प्रत्यक्ष चंद्रावरच पडत असते. तेव्हा मध्यरेषेसाठी गणिताने आलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी घटिकापात्राने प्रत्यक्ष आढळलेली वेळ, यांतील अंतर म्हणजेच आपले देशांतर. आकाशातील एक घड्याळ साऱ्या जगाला दाखवावे आणि प्रत्येकाने आपापले घड्याळ त्याच्याशी ताडून पाहावे, असाच हा प्रकार होता. तारायंत्राने आणि पुढे नभोवाणीच्या ठोक्यांनी जे काम केले, तेच चंद्राने आपल्या ज्योतिष्यांसाठी कित्येक शतके केले.

या विद्येचा खानदेशाशी अगदी निकटचा संबंध आहे. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची हकीकत त्यात कोरलेली आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा अपूर्व ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही काही वर्षे धुळ्यास शिक्षक होते. आणि योगायोगाची गोष्ट अशी की, उज्जयिनीचे रेखांश सुमारे पाऊणेशहात्तर आणि पिंप्राळ्याचे साडेपंचाहत्तर. म्हणजे उज्जयिनीच्या आणि पिंप्राळ्याच्या दुपारीत जेमतेम एका मिनिटाचे अंतर! ज्या मध्यरेषेवरून भारतीय ज्योतिषी सर्व पृथ्वीचा काळ मोजीत, त्या रेषेला पिंप्राळा अगदी चिकटून बसलेले आहे. आज ज्या गावाची वेळ कोणत्याच घड्याळात उरलेली नाही, त्या गावाची वेळ एके काळी शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ जगाची वेळ होती.

परंतु सिद्धांतकारांचा हा एक काळ पंडितांच्या पाटीवर राहिला. कोणा शेतकऱ्याला त्याने पहाटे लवकर उठविले नाही. ते काम आगगाडीने केले. १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि पुढच्या दशकात थळघाट चढून लोहमार्ग खानदेशात उतरला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास सोन्याचा भाव आला होता, आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीतील कापूस जळगावच्या बाजारात येऊन रुळांवरून मुंबईच्या बंदराकडे धावू लागला. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता मार्ग जबलपूरवरून अखंड जोडला गेला. आता एक गाडी मुंबईची वेळ घेऊन निघावयाची आणि कलकत्त्याची वेळ घेऊन पोचावयाची. आणि या दोन शहरांच्या सूर्यांमध्ये तर बासष्ट मिनिटांचे अंतर. एकेरी रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या गार्डांजवळ दोन वेळा असून चालत नाही. तेथे मिनिटाची चूक माणसांच्या जिवावर बेतते. तेव्हा सर्व रेल्वेस एक वेळ हवी, हे उघड झाले.

अशा रीतीने रेल्वेने मद्रासची वेळ पत्करली. मद्रासला १७९२ पासून सरकारी वेधशाळा होती. तेथून तारेने वेळ कळविता येई. शिवाय ती वेळ मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मधली पडत असे. आता पिंप्राळ्याची स्थिती पाहा. गावात सूर्य माथ्यावर येऊन बारा वाजले, की मुंबईत अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटे होत. जळगाव स्टेशनावरील मद्रासच्या हिशेबाने बारा वाजून एकोणीस मिनिटे होत. आणि कलकत्त्यास बारा-एकावन्न. मुंबईचे घड्याळ गावाच्या अकरा मिनिटे मागे, स्टेशनाचे एकोणीस मिनिटे पुढे. पिंप्राळ्याहून जळगावाच्या बाजारात जावयाचे म्हणजे रूळ ओलांडावा लागे. 'पिंप्राळा गेट' हे नाव जळगावकरांच्या तोंडी इतके बसले आहे की, हल्ली तेथे उड्डाणपूल झाला तरी ते पुसलेले नाही. त्या फाटकाच्या अलीकडे सूर्याचा अंमल आणि रुळांवर मद्रासचा, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि या मद्रासच्या वेळेविरुद्ध खानदेशात कोणी दंगा केला नाही, आणि मुंबईतही आरंभी केला नाही. ज्याला गाडी गाठावयाची त्याने तेवढ्यापुरता आपल्या वेळेत फरक करावा, बाकीच्यांनी आपल्या सूर्याप्रमाणे चालावे, असा हा न बोलता झालेला करार होता. त्यात सोय होती, सक्ती नव्हती. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढील साऱ्या भांडणाचे मूळ त्यातच आहे.

ते भांडण १८८१ मध्ये सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी हुकूम काढला की, यापुढे मुंबईतील सरकारी व्यवहाराची वेळ मद्रासचीच राहील. मुंबईचा सूर्य मद्रासच्या अर्धा तास मागे. म्हणजे कचेरीची दहाची वेळ ही सूर्याने साडेनऊचीच झाली. लोकांनी तक्रार केली. परंतु तक्रारीत अर्ध्या तासापेक्षा अपमानाचा भाग अधिक होता. मुंबईसारख्या बंदराने आपली वेळ टाकून मद्रासची का घ्यावी, आणि घ्यावयाचीच तर आम्हांस न विचारता का, हा त्यातला सल होता. या वादात विद्यापीठाचा राजाबाई मनोरा सापडला. कापसाच्या व्यापारात गडगंज झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला हा दोनशे ऐंशी फुटांचा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला होता. खानदेशासारख्या कापसाच्या मुलखांतून मुंबईस गेलेल्या गाठींचा काही अंश त्या दगडांत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. विद्यापीठाने मनोऱ्यावर मुंबईचीच वेळ ठेवली. तेव्हा रात्री घड्याळाची तबकडी उजळण्याचा खर्च देण्याचे सरकारने नाकारले. वेळेच्या वादात सरकारने दिवाबत्तीचे पैसे अडवावे, यातील विनोद त्या काळच्या मुंबईकरांच्या नजरेतून सुटला नसावा. शेवटी १८८३ मध्ये सरकारलाच माघार घ्यावी लागली आणि मुंबईस तिची वेळ परत मिळाली.

हे चालू असतानाच बाहेरच्या जगातही हाच प्रश्न पेटला होता. कॅनडातील रेल्वेचे इंजिनियर सँडफर्ड फ्लेमिंग यांनी सर्व पृथ्वीसाठी एकच विश्वकाल असावा, अशी कल्पना मांडली होती. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी आपल्या मुलखाचे तासातासाचे पट्टे पाडून टाकले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांची परिषद भरली आणि ग्रीनिचची रेषा ही जगाची आरंभरेषा ठरली. बावीस मते अनुकूल, एक प्रतिकूल. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. तेथे ब्रिटनच्या प्रतिनिधींत लंडनच्या इंडिया कौन्सिलचे एक सभासद जनरल स्ट्रॅची होते. हिंदी मनुष्य मात्र कोणी नव्हता. ज्या देशाने पृथ्वीची मध्यरेषा कल्पून शतकानुशतके गणित केले, त्याच्या नावाने बोलावयास त्याचा एकही माणूस त्या दिवाणखान्यात नव्हता. उज्जयिनीची रेषा जगाने स्वीकारावयास हवी होती, असा माझा आग्रह नाही. कोणती तरी एकच रेषा घ्यावी लागणार, आणि तेव्हाची बहुतेक जहाजे ग्रीनिचवरून आखलेलेच नकाशे वापरीत होती. परंतु निवड सोयीची असली तरी ती कोणी केली, हे इतिहासाने नोंदून ठेवावेच लागते.

मानापमानाची ही बाब केवळ पौर्वात्य हट्टाची होती, असे कोणी म्हणेल तर त्याने फ्रान्सकडे पाहावे. त्या विज्ञाननिष्ठ राष्ट्राने ग्रीनिचची वेळ १९११ मध्ये स्वीकारली. परंतु कायद्यात ग्रीनिचचे नाव येऊ दिले नाही. फ्रान्सची कायदेशीर वेळ म्हणजे पॅरिसची वेळ वजा नऊ मिनिटे एकवीस सेकंद, असे त्यांनी लिहिले. बेरीज-वजाबाकी केली की ती ग्रीनिचचीच वेळ. पण शब्द पॅरिसचा राहिला.

आपल्याकडे हा प्रश्न लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस पुन्हा वर आला. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे अशी एक प्रमाणवेळ ठरविण्यात आली. १ जुलै १९०५ पासून रेल्वे व तारखाते यांनी आपली घड्याळे मद्रासच्या वेळेपुढे सुमारे नऊ मिनिटे सरकवली, आणि १ जानेवारी १९०६ पासून ही वेळ सरकारी व्यवहारास लागू झाली. मुंबईस यामुळे एकोणचाळीस मिनिटे पुढे जावे लागणार होते. वंगभंग नुकताच, ऑक्टोबर १९०५ मध्ये झाला होता आणि स्वदेशीची चळवळ जोरात होती. तशा हवेत घड्याळाचा काटाही कोणाच्या हुकमाने फिरतो, हे लोकांना दिसल्यावाचून कसे राहील?

सर्वांत आधी उठले ते गिरणीकामगार. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईतील जेकब ससून गिरणीचे हजारो कामगार काम टाकून बाहेर पडले व दगडफेक झाली. त्यांचे म्हणणे समजून घ्यावयाचे तर साधे गणित पुरे. जानेवारीत मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेने सव्वासातच्या सुमारास उगवतो. घड्याळातील सहाच्या भोंग्याला हजर होणारा कामगार नव्या वेळेने सूर्याच्या पाच-एकवीसलाच दारात उभा राहावयाचा. घरून निघावयाचा तो त्याच्याही आधी, काळोखात. कचेरीतल्या साहेबाला एकोणचाळीस मिनिटे हा एक आकडा होता. चाळीतल्या बाईला ती चूल पेटविण्याची वेळ होती. विजेच्या दिव्यांनी गिरण्यांचा दिवस आधीच लांबविला होता. घड्याळाच्या नावाखाली आणखी काही काढून घेतले जाणार, अशी शंका त्यांना आली, तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. पुढे शहरातील पंधरा हजारांवर नागरिकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. नगरपालिकेने प्रथम प्रमाणवेळ स्वीकारली होती. परंतु त्याच वर्षी, फिरोजशहा मेहता यांच्यासारखे पुढारी असलेल्या त्या सभागृहाने आपला ठराव फिरवला आणि मुंबईची वेळ पुन्हा आणली.

तेव्हापासून मुंबईत दोन वेळा नांदू लागल्या. रेल्वे, तारखाते, सरकारी कचेऱ्या स्टँडर्ड टाइमवर. नगरपालिका, आणि तिच्यामागे पुष्कळशी घरे व देवळे मुंबई टाइमवर. सभेची किंवा लग्नाची वेळ छापताना ती कोणती, हे सांगावे लागे. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सरकारने प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे ढकलली, तेव्हा मुंबईच्या दोन घड्याळांत पाऊणेदोन तासांना सहाच मिनिटे कमी इतके अंतर पडले. त्या दिवसांत पिंप्राळ्याचा सूर्यही घड्याळाच्या दीडच्या सुमारास माथ्यावर येई. कलकत्त्यानेही आपली वेळ स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत सोडली नव्हती. अखेर राज्य आपले झाल्यावर, १९५०च्या दशकात, मुंबईची वेळ गेली, आणि ती गेल्याचा कोठे दंगा झाला नाही. एकोणचाळीस मिनिटे तीच होती, सूर्य तोच होता. पण आता वेळ मद्रासची किंवा सिमल्याच्या हुकमाची राहिली नव्हती. ती साऱ्या देशाची झाली होती.

खानदेशात याच गोष्टीचे स्वरूप निराळे दिसते. १९०६ मध्येच खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचे ठाणे बनले. म्हणजे नवी कचेरी आणि नवी वेळ एकाच वर्षी जळगावास आली. गिरणी १८७०च्या दशकातच उभी राहिली होती. पुढे १९०० च्या सुमारास सुरतेकडून तापी खोऱ्याचा लोहमार्गही येऊन मिळाला. रेल्वे, गिरणी, कचेरी आणि शाळा या चौघांनी मिळून पिंप्राळ्याची घटिकाभर वेळ केव्हा नेली, हे पिंप्राळ्याच्या ध्यानातही आले नसेल. त्याच्या बाजूने ठराव करावयास तेथे नगरपालिका नव्हती आणि वेळ मिरवावयास मनोराही नव्हता.

तरीही त्याच्याजवळ एक गोष्ट राहिली, आणि ती आषाढी एकादशीस दिसते. त्या दिवशी पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. जळगाव पंचक्रोशीतील माणसांनी गाव फुलून जाते. हा रथ कोणत्या दिवशी निघावयाचा, ते पंचांग ठरविते. आणि पंचांग ते कसे ठरविते हे पाहिले, म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर हाती लागते. तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतरावरून होते. ती सर्व पृथ्वीवर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. तिला गाव नाही. परंतु त्या दिवसाची तिथी कोणती म्हणावयाची, ते आपल्या गावचा सूर्य उगवतेवेळी कोणती तिथी चालू आहे यावर ठरते. आणि सूर्योदय हा ज्याचा त्याचा.

उदाहरण घ्या. समजा, एकादशी बुधवारी सकाळी साडेसहाला लागली आणि गुरुवारी सकाळी साडेसहाला संपली. आषाढात पिंप्राळ्याचा सूर्य सहाला सातआठ मिनिटे असताना उगवतो. बुधवारी तो उगवला तेव्हा दशमी होती. गुरुवारी उगवला तेव्हा एकादशी. म्हणून गावची एकादशी गुरुवारी. त्याच दिवशी लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा बुधवारचा सूर्य उगवतो तो आपल्या सकाळच्या सव्वानऊला; तेव्हा एकादशी लागून गेलेली असते, आणि गुरुवारचा उगवण्यापूर्वी ती संपते. व्रताचे सूक्ष्म नियम बाजूला ठेवले तर त्यांची एकादशी बुधवारी. क्षण एक, दिवस दोन. आणि दोन्ही खरे. पंचांग हाती धरणारी आजी जागतिक काळ आणि स्थानिक काळ यांचा मेळ रोज घालीत आलेली आहे. तिने त्याला हे नाव दिले नाही, एवढेच.

म्हणून काठी खरी की घड्याळ खरे, हा मुळात प्रश्नच चुकीचा आहे. काठी गावाचे आकाशाशी असलेले नाते सांगते. घड्याळ गावाचे दूरच्या माणसांशी असलेले नाते सांगते. प्रमाणवेळ हे निसर्गाचे सत्य नव्हे, तो माणसांनी एकमेकांशी केलेला करार आहे. करार म्हणून तो मोलाचा आहे. त्याच्यावाचून गाडी सुरक्षित धावणार नाही, की नभोवाणीवरील हे भाषण साऱ्यांना एकाच वेळी ऐकू येणार नाही. परंतु कराराला संमती लागते. १८७० मधील रेल्वेची वेळ लोकांनी सोय म्हणून सोसली. १८८१ आणि १९०६ मधील हुकूम त्यांनी अपमान म्हणून नाकारला. आणि स्वतंत्र झाल्यावर तोच बदल त्यांनी आपण होऊन केला. मुंबईकर घड्याळाशी भांडले नाहीत. आपल्याला न विचारता ते फिरविणाऱ्या हाताशी भांडले.

हा प्रश्न अजून संपलेला नाही. आपला देश पूर्व-पश्चिम सुमारे एकोणतीस अंश पसरला असल्याने त्याच्या दोन टोकांच्या सूर्यांत जवळजवळ दोन तासांचे अंतर आहे. आसामातील चहाच्या मळ्यांत एक तास पुढे असणारी 'बागान टाइम' पाळण्याची रीत आहे, आणि ईशान्येकडील लोक निराळ्या प्रमाणवेळेची मागणी वेळोवेळी करीत आले आहेत. त्यांच्याकडे हिवाळ्यात साडेचार-पाचलाच अंधार पडतो. एका देशाला एकच वेळ असावी, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. तथापि त्यांनी गिरणीच्या दारातील तो १९०६ चा कामगार विसरू नये.

इकडे जगाचे घड्याळ तर सूर्यापासूनच दूर चालले आहे. आज वेळ अणूंच्या कंपनांवरून मोजतात. आपल्याकडे हे काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. पृथ्वीची फिरकी किंचित अनियमित असल्यामुळे १९७२ पासून या अणुकालात अधूनमधून एक सेकंद घालून तो सूर्याशी जुळता ठेवीत. असे सत्तावीस सेकंद घातले गेले. परंतु २०२२ मध्ये राष्ट्रांच्या परिषदेने ठरविले की, ही जुळणी २०३५ पर्यंत सोडून द्यावी. पिंप्राळ्याच्या काठीला जे शंभरावर वर्षांपूर्वी सोसावे लागले, ते आता ग्रीनिचच्या काठीलाही थोडेथोडे सोसावे लागणार आहे.

येत्या मे महिन्यात ज्यांना सवड असेल त्यांनी आपल्या अंगणात किंवा गच्चीवर एक काठी उभी करून पाहावी. मुले जवळ असतील तर फारच उत्तम. सावली अगदी आखूड होईल तेव्हा घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवावे, आणि वर्षभर अधूनमधून तसेच करावे. घड्याळ बदलण्याचे कारण नाही. आपण किती मिनिटे उसनी दिली आहेत, एवढे मात्र कळेल. आणि दिलेल्या गोष्टीचा हिशेब घरात असलेला बरा.